दोनशे-पाचशे की तीनशे? मावशीच्या लेन्सचं प्रकरण

दिवाळी झाल्यावर मावशीचा फोन आला. "अरे, थकबाकीचा हप्ता जमा झालाय. आता ती मोठी लेन्स घेऊन टाकायची. कुठली, ते तू सांग."

एवढं म्हटल्यावर कोणता भाचा गप्प बसेल? मी लगेच सांगून मोकळा झालो, "निकॉनची २००-५०० घे. डोळे मिटून घे." मी स्वतः कॅनन वापरतो आणि माझ्याकडे १००-४०० आहे, म्हणजे झूमच. हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमधले; आकडा मोठा तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो. झूमची फोकल लेंग्थ रिंग फिरवून बदलता येते, प्राइमची एकच ठरलेली. झूमवाल्याला विचारलं की तो झूम सांगतो, प्राइमवाल्याला विचारलं की प्राइम. आपला खर्च बरोबर होता हे दुसऱ्याच्या पैशाने सिद्ध करून घ्यायची ही जुनी खोड आहे. पुढच्या तीन महिन्यांत माझा सल्ला टिकला नाही. तो कुठे आणि कसा ढासळला, ते इथे सविस्तर लिहितोय.

मावशी बासष्टची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर पक्ष्यांच्या मागे लागली. रविवारी कवडी पाट नाहीतर सिंहगड व्हॅली, कधी सासवडकडची माळरानं, थंडीत भिगवण. आधी तिच्याकडे निकॉनचा डी५६०० होता, किटमध्ये मिळालेल्या ७०-३०० लेन्ससकट. वर्षभरापूर्वी एक सेकंडहॅण्ड डी७५०० घेतला, पण जुना कॅमेरा विकला नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ती लक्षात नव्हती. आणखी एक गोष्ट होती, ती लक्षात होती पण मी हिशोबात धरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा खांदा फ्रोजन शोल्डरने धरला होता. फिजिओथेरपीने हात वर जायला लागला, पण वर राहत मात्र नाही.

दोन पर्याय कसे उरले

बजेटमध्ये बसणारी आणि डी७५००वर चालणारी लेन्स हवी होती. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० पाहिल्या; त्याही दोन किलोच्या आसपास किंवा वरच जातात, म्हणजे वजनाच्या बाबतीत २००-५००च्याच घरातल्या. निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ ही प्राइम १४६० ग्रॅमची (एफचा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त; पीएफचं पुढे सांगतो). ती परवडली असती तर हे प्रकरण लिहावंच लागलं नसतं. किंमत ऐकून मावशी म्हणाली, "पुढच्या जन्मी." विषय तिथेच मिटला.

उरल्या दोन. एक २००-५०० एफ/५.६ झूम, ट्रायपॉडच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम. दुसरी ३०० एफ/४ पीएफ, ७५५ ग्रॅम. हिच्यामागे १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग, लावायचा, तो साधारण १९० ग्रॅमचा, की ती ४२० एफ/५.६ होते. दोन्ही लेन्स २०१५ सालच्या, दोन्हींचा व्हीआर, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, साडेचार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे, वळायला लागल्यापासून दोन्ही सेकंडहॅण्ड बाजारात बऱ्यापैकी दिसतात. भाव लिहीत नाही, दर महिन्याला बदलतात. त्या वेळी प्राइम आणि कन्व्हर्टर मिळून झूमपेक्षा महाग पडत होते, पण फरक मावशीच्या आवाक्यातला होता.

तीनशेची लेन्स पाऊण किलोची कशी, हा मावशीचा पहिला प्रश्न. निकॉनचीच जुनी ३०० एफ/४ चौदाशे चाळीस ग्रॅमची होती, मग निम्मं वजन गेलं कुठे? उत्तर पीएफ या दोन अक्षरांत आहे. साध्या काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो आणि कडांना रंगांच्या झालरी येतात. त्या पुसायला आणखी काचा लागतात. फेज फ्रेनेल घटकावर अतिसूक्ष्म वर्तुळाकार खाचा असतात. तिथे विवर्तनामुळे उलटं होतं, तांबडा जास्त वळतो. दोन दोष एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे थोड्या काचांत आणि आखूड नळीत काम भागतं. मावशीला हे फार आवडलं. "ऋण गुणिले ऋण," ती म्हणाली. गणित तसं तंतोतंत नाही, पण मी बाईंना दुरुस्त करायला गेलो नाही.

जुन्या फोटोंची झडती

लेन्स घेण्याआधी आपण मागच्या दोन वर्षांत काय काढलं ते बघावं, हे माझं मत. प्रत्येक फोटोत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. ७०-३००ने काढलेले मावशीचे सगळे फोटो आम्ही फोकल लेंग्थनुसार लावले. दहातले जवळजवळ नऊ सरळ ३००वर. उरलेले बहुतेक ७० ते १३५च्या मध्ये. दीडशे ते अडीचशे हा पट्टा जवळपास रिकामा.

हे पाहून प्राइमवाले म्हणतील, "बघा, झूमची गरजच नाही." तसं होत नाही. माणूस झूमच्या टोकाला जाऊन अडकतो, कारण त्याला आणखी पुढे जायचं असतं. तीनशेवरची गर्दी एवढंच सांगत होती की रीच, म्हणजे लांबचं जवळ आणायची ताकद, कमी पडतोय. मला खरं शिकवलं ते त्या उरलेल्या दहाव्या हिश्श्याने. सूर्योदय, उडणारे थवे, होडी, बाभळीवर बसलेली बगळ्यांची वसाहत, चहाच्या टपरीवर शेकत बसलेला ग्रुप. हे सगळं ७० ते १३५मधलं. यातला एकही फोटो २००-५००ने निघाला नसता! म्हणजे "झूम आहे, सगळं निघेल" असं जे मी म्हणत होतो, ते तिच्या बाबतीत खोटं होतं. २००-५०० ही लांबच्या पक्ष्यापासून मध्यम अंतरावरच्या पक्ष्यापर्यंत जाणारी लेन्स आहे. रुंद दृश्यासाठी ७०-३०० पिशवीत राहणारच होती, कुठलीही लेन्स घेतली तरी.

आम्ही इतके दिवस एका लेन्सची दुसऱ्या लेन्सशी तुलना करत होतो, जणू पिशवी रिकामी आहे. मोजायला हवी होती ती भरलेली पिशवी.

वहीतलं गणित

मावशीने शंभर पानी वही काढली. "समरूप त्रिकोण आहेत रे हे, आठवीतले." डी७५००चा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद, त्यावर ५५६८ पिक्सेल. खंड्या लांबीला सतरा सेंटीमीटर धरला आणि अंतर पंधरा मीटर धरलं, तर ३००वर तो सुमारे ८०० पिक्सेल लांब पडतो, ४२०वर ११३०च्या आसपास, ५००वर १३४०. ५०० आणि ४२० यांच्यात लांबीत एकोणीस टक्क्यांचा फरक, क्षेत्रफळात चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त. क्रॉप करताना हा फरक जाणवतो, त्याला नाकारून चालणार नाही.

मग तिने तेच गणित उलटं केलं. ५००वाल्याला पंधरा मीटरवरून जो खंड्या मिळतो, तेवढाच मोठा ४२०वाल्याला किती अंतरावरून मिळेल? १२.६ मीटर. "म्हणजे चार पावलं," मावशी म्हणाली, "आणि ही चार पावलं टाकण्यासाठी मी सव्वा किलोच्याही वर जास्त उचलायचं." मी म्हटलं, चार पावलांत पक्षी उडतो की! ती म्हणाली, "उडतो. कधी कधी." या 'कधी कधी'वर आम्ही बराच वेळ थांबलो. पायी असलो तर चार पावलं हातात असतात. होडीत, जिप्सीत किंवा लपणात बसल्यावर नसतात. तिथे पक्षी जेवढ्या अंतरावर येईल तेवढंच अंतर.

दुसऱ्या पानावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पसरलेले पंख दीड मीटर धरले आणि पंचवीस मीटरवरून तो उडाला, तर ५००च्या चौकटीत जेमतेम १.१८ मीटर रुंदी मावते, ४२०च्या चौकटीत १.४, नुसत्या ३००च्या चौकटीत १.९६, आणि २००वर जवळजवळ तीन मीटर. ४२०ने पंख कापले जाणार हे वहीनेच सांगितलं. झूम असती तर मनगट फिरवून २००वर येता येतं. वहीवर ही बाजी झूमची होती.

तिसरं पान माझ्यासाठी होतं. मी म्हटलं होतं, प्राइमने मागचं दृश्य जास्त मऊ, लोण्यासारखं येतं. मावशीने फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं. ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९ मिमी. ३०० भागिले ४, म्हणजे ७५. ४२० भागिले ५.६, तेही ७५. एकाच जागेवरून एकच पक्षी टिपला, तर मागचं किती विरघळेल हे या छिद्राच्या व्यासावर ठरतं. म्हणजे इथे झूमच थोडी पुढे. एफ/४ म्हणजे मऊ बॅकग्राऊंड हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय. असो.

भिगवण, दोन रविवार

जानेवारीत पुण्यातल्या एका दुकानातून दोन्ही लेन्स एकेका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतल्या. आधी झूम, पुढच्या आठवड्यात प्राइम. ठिकाण तेच, होडीवाला तोच, निघायची वेळ तीच. पक्षी तेच असतील याची हमी देता येत नाही, म्हणून ही काही प्रयोगशाळा नव्हे.

भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं पाठीमागचं पाणी. आम्ही कुंभारगावला सहाच्या सुमारास पोचलो. धुकं, थंडी, आणि होडीवाल्या दादांचा नेहमीचा प्रश्न, "मावशी, आज तोफ आणली का?" २००-५००ला तिकडे बरेच जण तोफच म्हणतात. पहिला अर्धा तास तोफेने कमाल केली. मावशीने बीन बॅग होडीच्या काठावर ठेवली, त्यावर लेन्स टेकवली, आणि पट्टकादंबांचा थवा २००वर, त्यातला एकटा मान वर केलेला ५००वर, असे फोटो एका जागेवरून घेतले. होडी हलवायला सांगावं लागलं नाही. थवा शांत राहिला. दादांनाही बरं वाटलं, कारण काही पाहुणे "अजून जवळ, अजून जवळ" करत पक्षी उडवतात आणि मग शेव टाकून कुरवांना बोलावतात. तो प्रकार मला अजिबात रुचत नाही, पण इथे विषय तो नाही.

मग ऊन वर आलं आणि पक्षी हवेत गेले. आता बीन बॅगचा उपयोग नव्हता. लेन्स हातात धरायची, तीन किलोचं ओझं, आणि त्याच डाव्या हाताने झूमची रिंग फिरवायची. २००-५००ची रिंग लांब फिरते, एका झटक्यात दोनशेवरून पाचशेला जात नाही. मनगट दोनदा घ्यावं लागतं. आणि ५००ला जाताना लेन्सचं नळकांडं पुढे सरकतं, वजनही पुढे सरकतं. पाण्यावर ऑस्प्रे घिरट्या घालत होता. त्याने सूर मारला, मासा घेऊन वर आला, आणि आमच्या डोक्यावरून गेला. मावशीची तोफ मांडीवर होती. ती उचलेपर्यंत पक्षी पाठमोरा.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"दुखत नाहीये. उचलावंसं वाटत नाहीये," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी प्राइम. पहिल्या अर्ध्या तासात मावशी वैतागली. ४२०वर थवा मावत नाही, एक पक्षी घेतला तर शेजारच्याचा पाय मध्ये येतो. दादांना दोनदा होडी मागे घ्यायला सांगावं लागलं. वर कन्व्हर्टर काढू की ठेवू, ही घालमेल. आणि होडीत पाण्यावर वाकून लेन्स बदलायची म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. हवेतला पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडेना. झूमवर २००ला पक्षी शोधून मग ५००ला जाण्याची सोय होती, इथे चौकट आधीपासून अरुंद. दुसऱ्या तासात मात्र चित्र पालटलं. नदी सुरय, दलदलीवरून जाणारी हारीण (हा शिकारी पक्षी), कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत, एकेक हवेतला पक्षी ती उभ्याने, हातात धरून टिपत होती. नजर पक्ष्यावर ठेवायची आणि कॅमेरा डोळ्यापर्यंत वर आणायचा, डोळा कॅमेऱ्यापर्यंत खाली न्यायचा नाही, ही युक्ती तिला तासाभरात जमली. ७२० ग्रॅमची बॉडी धरून सगळं मिळून १६६५ ग्रॅम. शेवटी चिलापी तळायला सांगून आम्ही बसलो, तेव्हाही कॅमेरा तिच्या गळ्यात होता.

घरी येऊन मी दोन्ही दिवसांच्या फोटोंची वेळ तपासली. चांगले किती, वाईट किती, हे सोडलं. नुसते किती काढले ते दर अर्ध्या तासाने मोजलं. झूमच्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासात जवळपास दीडशे आणि शेवटच्यात जेमतेम डझनभर. प्राइमच्या दिवशी सुरुवातीला शंभरच्या आत, शेवटीही तेवढेच. माझा सल्ला इथे कोसळला. मी लेन्सचा कस पाहत होतो. मावशीच्या खांद्याने दुसऱ्या तासाचा कस पाहिला होता.

शार्पनेसबद्दल विचाराल, म्हणून एकाच परिच्छेदात उरकतो. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहिलं. कन्व्हर्टरशिवायची ३०० सर्वांत करकरीत. पण कन्व्हर्टरसकट ४२० आणि झूमची ५००, दोन्ही एफ/५.६वर, यांत नाव झाकून ठेवलं तर मी दोनदा चुकीचं ओळखलं. २००-५०० तशी चांगली शार्प लेन्स आहे. "प्राइम ती प्राइमच" या वाक्यावर हा निर्णय घेतला असता, तर तो योगायोगाने बरोबर आला असता.

एक बारकी बाब मात्र प्राइमच्या बाजूने गेली. डी७५००मध्ये लेन्सचा फोकस किंचित मागे-पुढे होत असेल तर तो आतून जुळवता येतो, पण एका लेन्सला एकच आकडा देता येतो. झूमला २००वर जो आकडा बसतो तो ५००वर बसेलच असं नाही. प्राइमला तो प्रश्नच नाही. कन्व्हर्टर लावल्यावर मात्र त्या जोडीचं वेगळं जुळवून घ्यावं लागतं.

सिंहगडच्या पायथ्याला

प्राइम घेतली त्या आठवड्यात, भिगवणच्या आदल्या दिवशी, शनिवारची सकाळ मोकळी होती, ती आतकरवाडीकडच्या ओढ्यात घालवली होती. झाडोरा दाट, सकाळी नऊलाही खाली अंधारलेलं. निळा माशीमार पाण्यावर आला तेव्हा तो आठ-नऊ मीटरवर होता. मावशीने कन्व्हर्टर काढला. एफ/४वर, १/२५०च्या शटरला, आयएसओ १६०० (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे येतात). एफ/५.६ची झूम असती तर तोच फोटो ३२००ला गेला असता. एका स्टॉपचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. डी७५००च्या सेन्सरवर, सावलीतल्या निळ्या पिसांत, तो किरकोळ नव्हता.

ओढ्यात आम्ही तीन तास चाललो, बसलो, उठलो, दगडांवरून गेलो. मावशीला एका हाताने काठी धरावी लागते. दुसऱ्या हातात कॅमेरा होता. यावर आणखी काही बोलायची गरज कुणाला वाटली नाही.

निर्णय, आणि पिशवीचं वजन

तरी रोहितचे कापले जाणारे पंख राहिलेच होते. होडीतला पहिला अर्धा तासही. मावशीने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि तेव्हा तिला जुना डी५६०० आठवला. बॅटरी-कार्डासकट तो ४६५ ग्रॅम, त्यावर किटमधली ७०-३०० लेन्स ४१५ ग्रॅम, मिळून ८८०. नव्या कॅमेऱ्यावर ३०० आणि कन्व्हर्टर १६६५. दोन्ही कॅमेरे एकत्र २५४५ ग्रॅम. आणि डी७५००वर एकटी २००-५०० लावली तर ३०२० ग्रॅम.

दोन कॅमेरे, सत्तर ते चारशेवीस, लेन्स बदलायची कटकट नाही, आणि तरीही जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम हलकं. मधे ३०० ते ४२०चं भोक राहतं, ते राहू दे. काट्यावरचा आकडा वहीत उतरवून मावशीने खाली दोन रेघा मारल्या, शाळेत गणित सुटल्यावर मारतात तशा.

३०० पीएफ मुंबईतल्या एका छायाचित्रकाराकडून सेकंडहॅण्ड मिळाली. घेताना काय पाहिलं ते सांगतो, कारण समुद्राकाठच्या दमट हवेतल्या लेन्सना बुरशीची भीती असते. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून पुढून काचांत पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडायचे. धुळीचे दोन-चार कण चालतात, त्यांचा फोटोवर काही परिणाम होत नाही. व्हीआर चालू करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होताना बघायचं. एफ/४, ५.६, ८, ११ असे सलग फोटो काढून उजेड सारखा येतोय का पाहायचं, कारण या लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, विजेवर चालतं, त्यात बिघाड असेल तर इथे उघड होतो. ट्रायपॉडची कॉलर या लेन्ससोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. आम्ही घेतलीच नाही. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक, झालं मावशीचं ड्राय कॅबिनेट. पोह्यांचा मोठा डबा होता तो.

त्यानंतर

काही गोष्टी आमच्या कुठल्याच यादीत नव्हत्या. ही लेन्स १.४ मीटरवर फोकस करते आणि कन्व्हर्टर लावला तरी ते अंतर वाढत नाही. म्हणजे जवळात जवळ चौकट सातेक सेंटीमीटर रुंदीची. मावशी फुलपाखरं काढायला लागली, मग चतुर, मग कोळी. ब्लू मॉरमॉन एवढं मोठं की तिला मागे सरकावं लागतं. निम्मे रविवार आता ती पक्ष्यांकडे बघतच नाही. २००-५०० जवळ २.२ मीटरवर येते आणि तिनेही फुलपाखरं निघतात, पण ती घेऊन कोण वाकणार?

नावडती गोष्टही घडली. भिगवणला तिला उगवता सूर्य आणि त्यापुढून जाणारे पक्षी काढायची सवय. पीएफ घटकामुळे चौकटीत प्रखर प्रकाशाचा स्रोत आला की कधी कधी रंगीत कडं उमटतं. ते बिघाडामुळे नाही, त्या रचनेचाच गुण आहे; पण फोटो बिघडायचा तो बिघडतोच. सूर्य चौकटीत असला की आता ती जुना ७०-३००वाला कॅमेरा उचलते.

फेब्रुवारीत ऑस्प्रे पुन्हा दिसला. मासा घेऊन गेला. कॅमेरा डोळ्याला होता, फोकस मागच्या बाभळीवर बसला.

मग एप्रिलमध्ये उजनीचं पाणी ओसरलं, चिखलाची बेटं उघडी पडली, आणि रोहितांचे मोठे थवे उतरले. आम्ही सगळे जायचं ठरवलं. आदल्या बुधवारी मावशीचा फोन. "अरे, त्या दुकानातून दोन दिवसांसाठी २००-५०० सांगून ठेव."

मी काही बोललो नाही. तिनेच सांगितलं, "होडीत बसूनच राहायचंय. बीन बॅग आहे. आणि होडी कुठे न्यायची ते दादा ठरवणार, माझी चार पावलं तिथे नाहीत. तेवढ्यापुरती तोफ बरी."

लेन्स दुकानापासून गाडीपर्यंत, गाडीपासून होडीपर्यंत मी वाहिली. थवा उठला तेव्हा झूम २००वर होती, शंभरेक पक्षी, काळ्या-गुलाबी पंखांच्या रांगा, एकही पंख कापलेला नाही. दोन तासांनी होडी काठाला लागली, तेव्हा मावशीने तोफ माझ्या हातात दिली, गळ्यात तीनशे अडकवली आणि बंधाऱ्यावरच्या वेड्या राघूंकडे चालायला लागली. लेन्स परत करायची मुदत सोमवार संध्याकाळची होती. तिने ती सोमवारी सकाळीच पाठवून दिली, आणि पुढच्या एप्रिलची तारीख दुकानदाराच्या वहीत लिहून घ्यायला लावली.